पाय वळवळण्याचा त्रास बाळाला पोटातच सुरू होतो का?

जुळेसोलापूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूरची, पहिलीच वेळ आहे, सातवा महिना चालूय. प्रश्न जरा लांबणार आहे पण कुणाला तरी विचारल्याशिवाय डोकं शांत होईना म्हणून लिहितेय.

मला शाळेत असल्यापासून रात्री पाय वळवळायचा त्रास आहे. दुखत नाही, गोळा येत नाही, मुंग्या पण नाहीत, पोटरीच्या आत कायतरी शिवशिवतंय ओढतंय असं होतं आणि पाय हलवला की बरं वाटतं, ठेवला की परत सुरू. लहानपणी आईला रोज पाय चेपायला लावायचे, चुलती म्हणायची वाढीचं वय आहे, जाईल. आईला पण हेच आहे. ती विड्या वळायची, दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसून काम, आणि संध्याकाळी दारात चार बायका गप्पा मारत बसल्या की ही एकटी उभी, बसवतच नाही म्हणायची. आजी तर पायाला ओलं फडकं गुंडाळून झोपायची. म्हणजे घरात तीन पिढ्या आहेच हे.

आता दिवस भरत जातील तसं लई वाढलंय. जेवणं आटपून अंग टाकलं की सुरू, दोन दोन वाजेपर्यंत हॉलमधून किचन, किचनमधून हॉल. नवरा बिचारा उठून बसतो. डॉक्टर मॅडमना सांगितलं तर त्यांनी नाव सांगितलं, रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, गरोदरपणात बऱ्याच जणींना होतं, बाळंतपणानंतर कमी होईल म्हणाल्या. इथपर्यंत ठीक आहे, मी सोसेन.

पण बाळ पण बरोबर त्याच वेळेला लाथा मारतं. दिवसभर तसं गप असतं आणि मी आडवी झाले की सुरू. परवा आई म्हणाली, तू पण पोटात अशीच होतीस, रात्रभर झोपू द्यायची नाहीस, तेव्हाच लागलंय तुला हे. तिनं सहज म्हटलं पण माझ्या डोक्यात बसलंय ते. बाळाला आत्ताच सुरू झालं असेल का? माझ्याकडून गेलं का त्याच्यात? आणि गेलं असेल तर आत्ता, पोटात आहे तोवर, काही करता येतं का?

हिमोग्लोबिन ११.२ आहे, ठीक आहे म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, कधी कधी पोट बिघडतं म्हणून चुकतात.


भवानीपेठची_वैनी

आगं घाबरू नकोस. माझ्या दुसऱ्या वेळेला आठव्या महिन्यात मला पण हेच झालतं, रात्री उठून भांडी घासत बसायची मी कारण उभं राहिलं की बरं वाटायचं. बाळंत झाल्यावर थोड्या दिवसातच गेलं, कधी गेलं ते कळलं पण नाही. आणि पोटात इतका लाथाडणारा माझा पोरगा आता तिसरीत आहे, एकदा झोपला की घरात ढोल वाजवा, उठत नाही.

मला उपयोग झाला तो असा, झोपायच्या आधी कोमट पाण्यात पाय, मग पोटऱ्या जोरात चोळून घ्यायच्या, आणि संध्याकाळचा चहा बंद. चहा सोडणं जड गेलं पण फरक पडला. बाळाचं मला शास्त्रातलं कळत नाही, ते इथं कुणीतरी शिकलेलं सांगेल.


शरीरशास्त्राच्या_बाई

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवते आणि हा आजार माझ्या स्वतःच्या बहिणीला आहे, त्यामुळे यावर जरा सविस्तरच लिहिते. ताई, तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत, ते आधी सोडवूया.

पहिला, बाळाच्या लाथा म्हणजे हा आजार का. तर नाही. हा आजार ओळखायचा कसा हे ठरलेलं आहे: पाय हलवायची अनावर इच्छा होणं, बसल्यावर-पडल्यावर वाढणं, हलवल्यावर कमी होणं, संध्याकाळी-रात्री जास्त असणं, आणि याला दुसरं कुठलं कारण नसणं. यातली मुख्य गोष्ट आहे आतून होणारी ती इच्छा, आणि ती माणसानं स्वतः सांगावी लागते. त्यासाठी ना रक्ताची टेस्ट आहे ना सोनोग्राफी. पोटातलं बाळ हलतं ते त्याच्या वाढीचाच भाग म्हणून हलतं, न हलणारं बाळ ही काळजीची गोष्ट. आणि रात्री जास्त का, तर बाळं संध्याकाळनंतर उशिरापर्यंत जास्त हलतात हे बघितलेलं आहेच, शिवाय दिवसभर तू चालत असतेस, कामात असतेस, तुला जाणवत नाही. तू आडवी पडलीस की प्रत्येक लाथ कळते. तुझे पाय आणि बाळाच्या लाथा एका वेळेला येतात कारण दोन्ही तुझ्या आडवं होण्याशी बांधलेल्या आहेत. उलट एक लक्षात ठेव, बाळाची नेहमीची हालचाल अचानक कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि जन्मल्यावर बाळ झोपेत हातपाय झटके मारल्यासारखे हलवेल, ते पण बहुतेक बाळं करतात, जागं झालं की थांबतं, त्याला हा आजार समजून पुन्हा घाबरू नकोस.

आता दुसरा प्रश्न, या आजाराचं मूळ जन्माच्या आधी पडत असेल का. इथं मात्र तुझ्या आईचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही.

हा आजार घराण्यात चालतो हे जुनं निरीक्षण आहे. इंग्लंडमधल्या थॉमस विलिसनं १६७२ मध्ये याचं वर्णन लिहिलं आणि स्वीडनच्या कार्ल-अॅक्सेल एकबोमनं १९४५ मध्ये त्याला आजचं रूप दिलं, म्हणून त्याला विलिस-एकबोम आजार पण म्हणतात. कमी वयात सुरू होणाऱ्यांच्या घरात तर बरेचदा कुणीतरी असतं, तुझ्यासारखं. २००७ मध्ये जर्मनीतल्या आणि आइसलंडमधल्या संशोधकांनी वेगवेगळं काम करून यातली जीन्स, म्हणजे आईबापाकडून येणारी जनुकं, शोधली. त्यातलं एक मेइस-१, आणि दुसरं बीटीबीडी-९. आइसलंडच्या कामात असं दिसलं की बीटीबीडी-९ मधला तो बदल ज्यांच्यात होता त्यांचा लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, कमी होता. लोहाचा धागा इथं जुळतो.

मेइस-१ ची गोष्ट तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. हे जीन गर्भात अवयव घडत असताना जोरात काम करणारं आहे. २०१४ मध्ये एक काम छापून आलं, त्यात आजाराशी जोडलेला जो छोटासा बदल आहे तो नेमका कुठं काम करतो ते उंदराच्या गर्भात आणि झेब्राफिश माशात तपासलं. तो बदल मेइस-१ चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये बसलेला निघाला, आणि तो स्विच चालतो गर्भाच्या मेंदूच्या त्या भागात जिथून पुढं बेसल गँग्लिया तयार होतात, हालचालीचं नियंत्रण करणारा भाग. आजाराशी जोडलेल्या बदलानं स्विच कमजोर पडतो. नंतर २०१७ मध्ये मोठ्या अभ्यासात आजाराशी जोडलेल्या बदलांच्या अशा जागा १९ झाल्या आणि त्यातली बरीच जीन्स मज्जासंस्था घडवण्याच्या कामातली निघाली. २०२४ मध्ये एक लाखाहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा जागा १६४ वर गेल्या.

म्हणून जाणकार म्हणतात की या आजाराची तयारी गर्भातच होत असावी. आपल्याकडे मागावर उभे धागे आधी लावतात आणि चादर पुढं विणली जाते, तसं आहे हे. उभे धागे बाळाच्या अंगात आत्ता लागतायत, चादर कशी होईल ते अजून ठरलेलं नाही. हे बदल लाखो निरोगी माणसांतही असतात, त्यांचे पाय आयुष्यभर शांत असतात.

आणि माझ्याकडून गेलं का, हा शब्द काढून टाक डोक्यातून. जीन्स कुणी निवडून देत नाही. तुझ्या आजीनं, आईनं काही चुकीचं केलं म्हणून तुला झालेलं नाही.

करता येण्यासारखं म्हणशील तर लोह. या रुग्णांच्या मेंदूत, विशेषतः सबस्टान्शिया नायग्रा नावाच्या भागात, लोह कमी असतं हे एमआरआयवर आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसलंय, रक्तात ठीक असलं तरी. हालचालीचे निरोप नेणारं मेंदूतलं रसायन म्हणजे डोपामिन, त्याचं काम नीट चालायला लोह लागतं. आणि बाळ आपला लोहाचा साठा आईकडून घेतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे आत्ता. हिमोग्लोबिन ११.२ असलं तरी साठा रिकामा असू शकतो. फेरिटिन करून घे. पाय वळवळणाऱ्या मोठ्या माणसांत फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह द्यावं असा जगभरच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे, लॅबच्या कागदावर मात्र १५-२० ला पण नॉर्मल छापलेलं असतं, त्यावर जाऊ नकोस. ताप किंवा इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, तेव्हा बरी असताना टेस्ट कर.


हैदराबादरोडकर

बाईंनी फार छान लिहिलंय, त्यात पोरांच्या बाजूनं भर घालतो कारण आमच्या घरात हे झालं आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची. शाळेतून सारखी तक्रार, बाकावर बसत नाही, पाय हलवते, लक्ष नाही. घरी रात्री पाय दुखतात म्हणून रडायची आणि आम्ही वाढीचं दुखणं म्हणून तेल लावत बसलो. एका ठिकाणी तर चंचलपणाचा आजार आहे म्हणून सांगितलं. नंतर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी तिलाच नीट विचारलं की पाय दुखतात म्हणजे नक्की काय होतं, तर ती म्हणाली पायात मुंगळे पळतात आणि मला पळावंसं वाटतं. मग तिच्या आईला विचारलं तर तिला पण होतं, आजवर कधी बोलली नव्हती. फेरिटिन १७ निघालं. पोरांमध्ये ५० च्या खाली असलं की लोह देतात असं सांगितलं, तीन-चार महिने औषध दिलं, मधे परत टेस्ट केली आणि आता पोरगी झोपते.

हे सांगायचं कारण, ताई तुमच्या बाळाला उद्या हे झालंच तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून ओळखता येईल. आमची दोन वर्षं चुकीच्या नावाखाली गेली. आणि लोहाची गोळी स्वतःच्या मनानं पोरांना द्यायची नाही, जास्त झालं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं, डबा पोरांच्या हाताला लागेल असा पण ठेवायचा नाही.


पुण्यातला_सोलापूरकर

विषय आवडीचा आहे म्हणून लिहितो, मी औषध कंपनीत डेटावर काम करतो, डॉक्टर नाही. बाईंच्या जीन्सच्या भागाबद्दल शंका नाही पण पोटात सुरू होतो हे वाक्य आपण जपून वापरावं असं मला मनापासून वाटतं. उंदराच्या गर्भात स्विच कमजोर दिसला यावरून माणसात आजार गर्भात सुरू झाला असं म्हणणं म्हणजे मधल्या चार पायऱ्या गाळणं आहे. जन्माआधी मोजून मग पन्नास वर्षं त्या माणसांच्या मागे जाऊन बघितलं तरच ते सिद्ध होईल.

एक जुनं छोटं काम आहे, २००० सालचं, एकसारख्या जुळ्यांवरचं. १२ जोड्या, प्रत्येकीत निदान एकाला हा आजार. त्यातल्या १० जोड्यांत दोघांनाही होता. म्हणजे वारसा जबरदस्त. पण त्याच जोड्यांत आजार सुरू व्हायचं वय बरेचदा वेगळं होतं आणि त्रास पण वेगळा होता. जीन्स तीच, आईचं पोट तेच, महिने तेच. मग फरक कुठून आला? जन्मानंतरच्याच गोष्टींतून ना? लोहाची कमी, किडनीचा आजार, बाळंतपणं, काही औषधं. जर्मनीतल्या एका पाहणीत तर मुलं न झालेल्या बायकांत याचं प्रमाण पुरुषांइतकंच निघालं आणि मुलं झालेल्यांत जास्त. बायकांना जास्त होतो म्हणतात त्यामागं बाळंतपणांचा मोठा वाटा दिसतो.

म्हणून मला ताईंच्या बाळापेक्षा ताईंचीच जास्त काळजी वाटते. गरोदरपणात ज्यांना होतं त्यांचं बहुतेकींचं बाळंतपणानंतर जातं हे खरं, पण पुढं परत यायची शक्यता त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त असते आणि ताईंना तर आधीपासूनच आहे. बाळ झालं की आईच्या पायाकडं घरात कुणी बघत नाही, सगळे बाळाकडं.


शरीरशास्त्राच्या_बाई

पुण्यातले दादा, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि म्हणूनच मी तयारी म्हटलं, आजार नाही म्हटलं. जुळ्यांचं उदाहरण चांगलं दिलंत. पण फरक सगळा जन्मानंतरचाच असं त्यावरून म्हणता येईल का? एकसारख्या जुळ्यांना सुद्धा पोटात सगळं सारखं मिळत नाही, एकाचं वजन कमी भरतं, एकाला रक्त कमी जातं, वार एकच असली तरी वाटणी सारखी होतेच असं नाही. आणि गर्भात किंवा जन्मल्या जन्मल्या लोह कमी पडलेल्या उंदरांच्या पिल्लांत डोपामिनच्या व्यवस्थेतले बदल पुढं लोह भरून दिलं तरी काही प्रमाणात राहतात असं दिसलंय. उंदीर म्हणजे माणूस नाही हे पुन्हा मान्य. पण आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाच मध्ये गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय, २०१९ ते २१ चं सर्वेक्षण. निम्म्याहून जास्त आया. पक्कं सिद्ध व्हायची वाट बघत लोह द्यायचं थांबायचं का? ते तर एरवीही द्यायचंच आहे, बाळाच्या मेंदूसाठी आणि आईच्या जिवासाठी.

ताईच्या पायांबद्दल तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के बरोबर आहे.


अक्कलकोटकर_अण्णा

आमच्यात म्हणतात गरोदर बाईच्या मनात जे चालतं ते बाळात उतरतं. ती रात्रभर काळजी करत फिरली तर बाळ पण अस्वस्थच होणार. स्वामींचं नाव घ्यावं, रात्री शांत पडून राहावं, सगळं ठीक होईल.


भवानीपेठची_वैनी

अण्णा नाव घ्यायला कुणाची ना नाही, मी पण घेते. पण शांत पडून राहा हेच तिला जमत नाही हो, तोच तर आजार आहे. पडून राहिलं की वाढतं. तुझ्या काळजीनं बाळ बिघडेल असं पोरीला सांगितलं तर ती अजून काळजी करेल.


जुळेसोलापूरची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, आईला पण सगळं वाचून दाखवलं. आजवर तिला कुणी सांगितलंच नव्हतं की याला नाव आहे. मॅडमना विचारून फेरिटिन केलं, १४ आलंय. मॅडम म्हणाल्या गोळ्या नियमित घेऊन बघू, नाहीच सोसल्या तर शिरेतून लोह देता येईल, या महिन्यात चालतं म्हणाल्या. आईचं पण करून घेतोय, तिचं तर आयुष्यात कधी केलेलं नाही.

दोन विचारायचंय. गोळी कशी घेतली तर पोट बिघडणार नाही? आणि मला मधे उलटीसाठी आणि सर्दीसाठी गोळ्या दिलत्या, त्या दिवसात पाय जास्तच चाळवायचे असं आता आठवतंय, त्याचा संबंध असतो का?


शरीरशास्त्राच्या_बाई

असतो. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड मेंदूतलं डोपामिन अडवते, त्यानं पायांचा त्रास वाढतो. सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी पण वाढतो, आणि गंमत बघ, झोप यावी म्हणूनच लोक त्या घेतात. काही डिप्रेशनच्या औषधांनीही होतं. पुढच्या वेळी गोळी लिहून देताना मॅडमना आधीच सांग की मला हा त्रास आहे. चालू गोळी मनानं बंद करू नकोस, आणि पाय थांबवायच्या म्हणून ज्या गोळ्या असतात, प्रामिपेक्सोल, प्रेगाबालिन वगैरे, त्या तर या दिवसांत कुणाच्या सांगण्यावरून अजिबात घ्यायच्या नाहीत.

लोहाची गोळी उपाशीपोटी जास्त लागू पडते पण तुला सोसत नसेल तर थोडं खाऊन घे, रात्री झोपताना घेतली तरी चालेल. लिंबू पाण्याबरोबर घे. दूध, चहा, कॉफी आधी-नंतर तासभर तरी नको, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, एक सकाळी एक रात्री असं वाटून टाक. आशाताईंकडून मिळणारी लाल गोळी पण चांगलीच आहे, ६० मिलीग्रॅम लोह असतं त्यात, महागडीच हवी असं काही नाही. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, पालेभाजी हे सगळं खा, पण १४ ला फक्त खाण्यावर भागणार नाही.

आणखी एक, प्रसूतीच्या आधीच मॅडमना विचारून ठेव की बाळाची नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबता येईल का. जागतिक आरोग्य संघटना तसंच सांगते. त्या एक ते तीन मिनिटांत वारेतलं रक्त बाळाकडं जातं आणि पुढच्या कित्येक महिन्यांचं लोह त्यातून मिळतं. बाळाला लगेच उचलायची गरज पडली तर गोष्ट वेगळी, ते तिथले डॉक्टर ठरवतील, पण आधी बोलून ठेवलेलं बरं.


हैदराबादरोडकर

आणि ताई, फेरिटिन बाळंतपणानंतर परत करा. रक्त जातं तेव्हा साठा अजून खाली येतो. आमच्या हिचं तेव्हा कुणी बघितलं नाही आणि पुढं सगळी वर्षं ती रात्री गॅलरीत उभी असायची. आईंचं किती आलं ते पण इथं कळवा.